सत्तावन्न रुपये नव्हे, पन्नास!



मध्यंतरी आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता. 'भाड्याचे नवे नियम लागू. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेतलं तर कारवाई. भाडेकरूने घर सोडलं नाही तर चौपट भाडं.' दुपारपर्यंत मला सात-आठ जणींचे फोन आले. त्यातल्या निम्म्या एकट्या राहणाऱ्या. नवरा गेल्यावर एका फ्लॅटच्या भाड्यावर महिना चालवणाऱ्या. एकीने तर भाडेकरूचं डिपॉझिट मुलीच्या बाळंतपणाला खर्च केलं होतं. ती रडवेली होऊन विचारत होती, "वहिनी, आता मला दंड होणार का?"

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. पण कागद वाचायची सवय राहिली आहे. आणि घरमालकीचं म्हणाल, तर सासरच्या जुन्या वाड्याने मला कॉलेजपेक्षा जास्त शिकवलं. म्हणून आज त्याविषयी लिहिते.

आधी त्या फॉरवर्डचं. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये एक नमुना कायदा मंजूर केला, मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट. राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट, दुकान-गाळ्याला सहा महिन्यांचं. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं, पुढे चौपट. मालकाला घर बघायला जायचं असेल तर चोवीस तास आधी कळवायचं. भाड्याच्या भांडणांसाठी वेगळं प्राधिकरण, वेगळं न्यायालय. हे सगळं त्यात आहे, खरं आहे. पण घरभाडं हा राज्याचा विषय. एखाद्या राज्याने त्या नमुन्यावरून आपला कायदा केला, तरच तो तिथे लागू. आपल्याकडे आजही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हाच चालतो. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. म्हणजे बाळंतपणाला डिपॉझिट खर्च करणाऱ्या मैत्रिणीला दंड होणार नाही. पण तिचं चुकलं की नाही, याकडे मी शेवटी येते.

आता वाड्याची गोष्ट.

आमचा वाडा सांगलीत, गावभागात. कृष्णामाई फुगली की पहिलं पाणी आमच्याकडे. सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, १९६४ साली पुढच्या अंगाच्या चार खोल्या दोन बिऱ्हाडांना दिल्या. प्रत्येकी दोन खोल्या, भाडं पंचवीस रुपये. त्या काळी ती रक्कम बरी होती. पण मी लग्न होऊन आले तेव्हाही भाडं पंचवीस, माझी मुलं शाळेत गेली तेव्हाही पंचवीस.

असं का, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मुंबईत जागांची टंचाई झाली, तेव्हा १९१८ मध्ये भाड्यावर पहिला लगाम आला. मग १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. त्याने जुन्या जागांची भाडी १९४० सालच्या आकड्यावर बांधून टाकली. त्यानंतर दिलेल्या जागांचं जे पहिलं भाडं, तेच जवळजवळ कायमचं. फाळणीचे दिवस, माणसं रस्त्यावर, तेव्हा तो कायदा हवाच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला पाहुणा पन्नास वर्षं राहिला. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की इतकी वर्षं भाडं गोठवून ठेवणं आता न्यायाला धरून नाही. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा झाला.

नवा कायदा आल्यावर आमचे हे फार खूश झाले होते. मी कायद्यातलं वाचून दाखवलं, "वर्षाला चार टक्के वाढ घेता येते." ह्यांनी विचारलं, "म्हणजे किती?" मी म्हटलं, "पंचवीस रुपयांचे चार टक्के, एक रुपया." दोघंही हसत सुटलो. वर्षाला एक रुपया! पंचवीस वर्षांत पंचवीसचे पन्नास. चक्रवाढ धरली तरी सदुसष्टच्या आत. मी साधी वाढ धरते. म्हणजे आज आक्कांचं भाडं महिना पन्नास रुपये.

आक्का म्हणजे त्या दोन बिऱ्हाडांपैकी एक. मूळ भाडेकरू त्यांचे सासरे. त्यांच्यानंतर नवरा, नवऱ्यानंतर त्या. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क जातो, असा कायदा आहे. आक्का शिवणकाम करून जगल्या. आता डोळ्यांना दिसत नाही नीट, पण अजून ब्लाऊजला हुक लावून देतात. दर महिन्याच्या पाच तारखेला पदराच्या गाठीतून पैसे काढून माझ्या हातात ठेवतात आणि म्हणतात, "वहिनी, पावती." पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. मीही दर वेळी देते.

दुसरं बिऱ्हाड वेगळं. त्या गृहस्थांनी गावात स्वतःचा फ्लॅट घेतला, तिकडे राहायला गेले आणि आमच्या दोन खोल्यांना कुलूप लावून गेले. भाडं मात्र नियमित मनीऑर्डरने. कुलूप उघडायचं म्हणजे आम्ही काय देणार, हा त्यांचा प्रश्न.

हे गेले त्यानंतर सगळे कागद माझ्याकडे आले. २०१४ ची गोष्ट. मुलगा पुण्याहून आला होता. वहीत जमाखर्च मांडला. दोन बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं हजाराच्याही आत. घरपट्टी नऊ हजार. आणि वाडा चांगल्या स्थितीत ठेवणं हे कायद्याने मालकाचं काम. मुलगा म्हणाला, "आई, हे आपण घर चालवतोय की धर्मशाळा?" त्याचं खोटं नव्हतं. मला स्वतःला रात्री राग यायचा. माझ्या छपराखाली कुणाचं तरी कुलूप, आणि कौलं मी बदलायची.

आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकू, सरळ रस्ता आहे. दोघांवर एकच दावा घालू. मुलगा पुण्याची नोकरी सोडून इथे राहायला येतोय, त्याला जागेची गरज आहे, असं प्रतिज्ञापत्र करा. मालकाची खरी गरज हे जागा मागण्याचं कायदेशीर कारण आहे. कोर्ट दोन्हीकडची अडचण तोलून बघतं, पण तुम्ही विधवा आहात, वजन पडेल."

मुलगा काही पुणे सोडणार नव्हता. वकिलांना ते माहीत होतं, मलाही. प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलं. सहीसाठी माझ्याकडे आठ दिवस होतं.

ते दिवस दशलक्षण पर्वाचे होते. सकाळी बस्तीत तत्त्वार्थसूत्राचं वाचन चालू होतं, सातवा अध्याय. सत्याणुव्रताचे अतिचार सांगताना पंडितजींनी 'कूटलेखक्रिया' हा शब्द फोड करून सांगितला. खोटा कागद करणं, खोटं लिहून देणं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पाठही आहे. पण तोपर्यंत मला वाटायचं, ते सावकारांसाठी आहे, खोटे खत करणाऱ्यांसाठी आहे. त्या दिवशी तो शब्द माझ्या कपाटात ठेवलेल्या कागदावर जाऊन बसला.

घरी आले. मुलाला फोन केला. म्हटलं, "मी सही करणार नाही." तो चिडला. "आई, समोरचा कुलूप लावून बसलाय, त्याला काही पाप लागत नाही आणि आपल्यालाच?" मी म्हटलं, "त्याचं त्याच्याकडे. कागदावर सही माझी आहे."

पण इथे एक सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी इथेच घोटाळा करतात. खोटं लिहायचं नाही म्हणजे हक्क सोडायचा, असं नाही. मी पुन्हा कायदा वाचायला घेतला. त्याच सोळाव्या कलमात आणखी एक कारण आहे. भाडेकरूने योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक जागा परत मागू शकतो. कुलूपवाल्या गृहस्थांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं होतं. लाइटच्या मीटरवर कित्येक महिने शून्य युनिट. खोटं बोलायची गरजच काय?

आणि आक्का? त्या तर तिथेच राहतात, भाडं वेळेवर देतात. त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे एकही खरं कारण नव्हतं. तेव्हा आक्कांवर दावा नाही. वकील म्हणाले, "काकू, तुम्ही अर्धी केस सोडताय." मी म्हटलं, "अर्धी खरी आहे ती चालवा."

दावा आठ वर्षं चालला. याबाबत मी गोड बोलणार नाही. तारखा, तारखांवर तारखा. त्यात ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. वाड्यात पुरुषभर पाणी. आक्कांना आम्ही माळ्यावरून नावेत घेतलं. पाणी ओसरल्यावर बघितलं तर कुलूपबंद खोल्यांची मागची भिंत बसली होती. डागडुजीला एक लाख ऐंशी हजार रुपये लागले. माझ्या पाटल्या मोडल्या. ज्या महिन्यात पाटल्या मोडल्या, त्याच महिन्यात मनीऑर्डर आली, रुपये चव्वेचाळीस. त्या दिवशी मी किती वेळ णमोकार म्हणत बसले, ते मलाच माहीत. कषाय कुठे असतो हे पुस्तकात वाचून कळत नाही.

२०२२ मध्ये लोकअदालतीत मिटलं. त्यांनी किल्ल्या दिल्या, मी कोर्टखर्च आणि नुकसानीचा हिशेब सोडला. त्यांच्या सुनेने जाताना माझ्या पाया पडून क्षमा मागितली. मीही मागितली. मनातून.

आता त्याच दोन खोल्यांत नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली राहतात. लिव्ह अँड लायसन्सवर, महिना पाच हजार. मधे एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे पाच हजार, पलीकडे पन्नास. कुणालाही विचित्र वाटेल. कायदा दोन काळांतला आहे, आणि आमचा वाडा दोन्ही काळांत उभा आहे.

लिव्ह अँड लायसन्सचंही नीट ऐका, कारण आता बहुतेक जणींचा संबंध त्याच्याशीच येतो. ह्यांनी विश्रामबागेत एक फ्लॅट घेतला होता. तो मी पहिल्यांदा दिला तेव्हा 'अकरा महिन्यांचा करार, नोंदणी लागत नाही' असं सगळ्यांसारखं मीही ऐकलं होतं. स्टँपपेपरवर सह्या केल्या, झालं. मुदत संपल्यावर ते लोक आणखी पाच महिने राहिले. जा म्हणायला माझ्याकडे धड कागदच नव्हता. मग कळलं की १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मग तो अकरा महिन्यांचा असला तरी. आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं, आणि मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

उलट कागद पक्का असेल तर कायदा मालकाच्या पाठीशी आहे. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, नेहमीच्या दिवाणी दाव्यात अडकावं लागत नाही, आणि जास्त राहिलेल्या दिवसांचं दुप्पट शुल्क मागता येतं. आणि खर्च किती? दहा हजार भाडं, अकरा महिने, तीस हजार डिपॉझिट, असा करार केला तेव्हा मला मुद्रांक शुल्क तीनशेच्या आत आणि नोंदणी फी एक हजार लागली. वर थोडा किरकोळ खर्च. एवढ्यासाठी आपण पाच महिन्यांचा मनस्ताप ओढवून घेतो.

अचौर्याणुव्रताचा एक अतिचार 'विरुद्धराज्यातिक्रम' आहे. राज्याचे नियम चुकवून व्यवहार करणं. नोंदणी टाळणं, भाडं अर्धं कागदावर आणि अर्धं हातात घेणं, हे सगळं त्यात येतं असं मला वाटतं. आणि त्याची गरजही नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर आयकर कायदा सरसकट तीस टक्के वजावट देतो. पावती दाखवा म्हणत नाही. मग लपवायचं कशाला?

आता गुंतवणुकीचं. मागच्या वर्षी मुलगा म्हणाला, "आई, एफडी मोडून आणखी एक फ्लॅट घेऊ, चाळीस लाखांचा. भाडं येत राहील." मी वही काढली. महिना दहा हजार म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार, तीन टक्के. त्यातून सोसायटीचे अठरा हजार, घरपट्टी सहा हजार, एक महिना रिकामा जातोच त्याचे दहा हजार, रंग-नळदुरुस्ती सरासरी आठ हजार. उरले अठ्ठ्याहत्तर हजार. दोन टक्केसुद्धा नाहीत. किंमत वाढेल ही आशा वेगळी, पण आशेवर महिन्याचा किराणा येत नाही. उद्या आपल्या राज्याने तो नमुना कायदा घेतला तर डिपॉझिटही दोन महिन्यांचंच मिळेल. ज्या बाई पाच-सहा महिन्यांचं डिपॉझिट घेऊन त्याच्या व्याजावर हिशेब बसवतात, त्यांनी आतापासून तो बदलावा. न्यायालय वेगळं असल्याने निकाल लवकर लागला, तर मला तो सौदा वाईट वाटत नाही. आठ वर्षं तारखा भोगलेल्या बाईला विचारा.

आणि पैशांपलीकडचंही एक आहे. परिग्रह-परिमाणाच्या अतिचारांची यादी आठवा. त्यात सगळ्यांत आधी काय येतं? क्षेत्र आणि वास्तू. सोनं-नाणं, धनधान्य त्यानंतर. जमीन आणि घर. माणसाचा हात कुठे आधी सुटतो, हे आपल्या आचार्यांना पक्कं माहीत होतं. मी मुलाला म्हटलं, "राहतं घर, वाडा आणि तो एक फ्लॅट. माझी मर्यादा इथे बांधली." नियम घेतला. त्याने नाराजीने का होईना, ऐकलं.

आता त्या मैत्रिणीचं, जिने डिपॉझिट खर्च केलं. सत्याणुव्रताच्याच अतिचारांत 'न्यासापहार' आहे. दुसऱ्याने आपल्याकडे ठेवलेली रक्कम, तो विसरला किंवा कमी बोलला तर तेवढीच परत करणं. तिने अजून तसं केलेलं नाही, पण घर सोडताना 'रंगाचे कापले, नळाचे कापले' म्हणत आपण काय करतो, ते आपलं आपल्याला ठाऊक. मी तिला एवढंच सांगितलं की डिपॉझिट हे भाडं नाही, ती ठेव आहे. दर महिन्याच्या भाड्यातून हजार-दोन हजार बाजूला टाकून ते वेगळ्या खात्यात भरून ठेव. तिने सुरू केलं आहे.

राहिल्या आक्का. मागच्या पाच तारखेला त्या काठी टेकत आल्या. शेजारच्या मुलीने मोबाइलवर वाढीचा हिशेब करून दिला होता म्हणे, काहीतरी चुकवून. हातावर पन्नासची नोट आणि वर सात रुपये सुट्टे ठेवले. म्हणाल्या, "वहिनी, सत्तावन्न झाले ना?" मी मांडून दाखवलं. पंचवीस अधिक पंचवीस. सात रुपये परत केले. त्यांनी घेतले, गाठीला बांधले आणि म्हणाल्या, "पावती."

पावती लिहिली. रुपये पन्नास फक्त. खाली सही केली. ही सही करताना मनात काही अडत नाही, एवढं मला पुरे आहे.

तुमच्याकडे जुना भाडेकरू असेल, किंवा नवा करार करायचा असेल, तर आधी कागद नीट वाचा, मग वकिलांकडे जा. आणि जे खरं आहे तेवढंच मागा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

जय जिनेंद्र.